संरक्षणमंत्री साहेब, माझ्या दोन फिती परत द्या

मा. संरक्षणमंत्री साहेब, जय हिंद.

मी सातारा जिल्ह्यातला, लष्करातनं रिटायर्ड झालेला एक नाईक, म्हणजे शिपायाच्या वर दोन पायऱ्या. गेल्या आठवड्यात पोराने मोबाईलवर माझी पेन्शनची तक्रार उघडून दाखवली, तर पुढं लिहिलंय "निराकरण झाले". काय झालं निराकरण? रँकच्या रकान्यात अजून शिपाईच आहे. २२ वर्षं नोकरी केली, नाईक म्हणून घरी आलो, डिस्चार्ज बुकात निळ्या शाईत नाईक लिहिलंय, खाली सही आहे, शिक्का आहे, आणि जुने कागद कॉम्प्युटरात चढवताना कुणीतरी मला शिपाई करून टाकलं. चार तक्रारी केल्या, चारही बंद केल्या. फेब्रुवारीत पेन्शनच्या ऑफिसातले अधिकारी म्हणाले, महिनाभरात होईल, तुम्ही हेलपाटे घालू नका. नाही घातले. पावसाळा आला साहेब.

शिपाई असण्यात कमीपणा नाही, मीही शिपाई म्हणूनच भरती झालो. पण वर्दीच्या बाहीवर लान्स नाईकला एक फीत, नाईकला दोन, हवालदाराला तीन, आणि ती प्रत्येक फीत घाम गाळून मिळते. दुसरी फीत लागली तेव्हा सुट्टीवर आलो, आईने ट्रंकेतनं वर्दी काढायला लावली. तिला नीट दिसत नव्हतं, बोटाने चाचपून मोजल्या. एक, दोन. मग पदराने डोळे पुसले. आज ती असती तर तिला काय सांगू, तू चुकीचं मोजलंस?

नाईक काय करतो ते ऑफिसात बसून कळत नाही. सेक्शनमध्ये, म्हणजे दहाएक जवानांच्या तुकडीत, कुणाच्या पायाला फोड आलेत, कुणाच्या घरनं वाईट बातमी आलीय आणि त्याला आज रात्री पहाऱ्याला एकटं ठेवायचं का नाही, हे नाईकाला माहीत असतं. आपल्या माणगावकडचे यशवंत घाडगे नाईकच होते. १० जुलै १९४४, इटली, सेक्शनमधले सगळे पडले, हे एकटे मशीनगनवर चालून गेले, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता तर बंदुकीच्या दस्त्याने लढले. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, मरणोत्तर. १९४८ ला जम्मू-काश्मीरात नौशेऱ्याजवळ तैनधारला ९ जणांची चौकी सांभाळणारे परमवीर जदुनाथ सिंगही नाईकच.

वन रँक वन पेन्शन म्हणता ना, सारख्या रँकला आणि सारख्या नोकरीला सारखी पेन्शन, मग रँकच चुकली तर पेन्शन कुठली बरोबर येणार? आणि मिलिटरी सर्व्हिस पे बघा, सातव्या वेतन आयोगात ऑफिसरला १५,५०० आणि जवानाला, हवालदाराला, सुभेदाराला ५,२००. बर्फ दोघांना सारखाच लागतो, मग खडतर नोकरीचा हा पैसा तिप्पट वेगळा का? २०२२ पासून तर अग्निपथ योजनेत जवानांची भरतीच ४ वर्षांची केली, त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढं राहणार. मला दोन फिती मिळायला ११ वर्षं लागली. पोरगं माणसं सांभाळायला शिकतंय तोवर तुम्ही त्याला घरी पाठवणार, मग उद्या अनुभवी नाईक आणायचे कुठनं? हे कुणी कुठल्या नाईकाला विचारलं होतं का?

माझं मागणं एवढंच, रकान्यातला एक शब्द बदला, फरकाची रक्कम द्या, आणि कागद न बघता जो तक्रार बंद करतो त्याला लेखी जाब विचारा. डिस्चार्ज बुकाच्या त्या पानाचा फोटो पाचव्यांदा जोडतोय. यावेळी कुणीतरी उघडून बघा.

आपला,
नाईक (शिपाई नव्हे), निवृत्त