ओंकार, आधी जॉब कार्ड, मग घाट

नाशिक, १८ एप्रिल

चि. ओंकारास अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी मध्येच ठेवला. केतकीला नंतर सांगितलं की कुरडयांचा चीक करपत होता. चीक करपत नव्हता. गाडी कसाऱ्याच्या घाटात चाळीस मिनिटं उभी होती, हे मला तुझ्याकडून नाही, चिऊकडून कळलं. "आजी, आपली गाडी दमली, आणि पप्पा म्हणाले खाली उतरायचं नाही." रात्री साडेदहाला, ट्रकांच्या रांगेत. आणि तू म्हणतोस, नवीन गाडी आहे, होतं थोडंफार.

रात्री घाट चढण्याबद्दल मी या पत्रात काहीही लिहिणार नाही. तू चौतीस वर्षांचा आहेस. गाडीपुरतंच लिहिते. २७ वर्षं सातपूरच्या कारखान्यात गिअरचे दात मोजले, तेवढा हक्क मला आहे.

केतकीने सांगितलेल्या खुणा मी कागदावर मांडल्या. उभी गाडी सुटताना थरथर. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना झटका. तासभर रखडल्यावर गिअरबॉक्स तापल्याचा इशारा, आणि मग ॲक्सिलरेटर दाबला तर इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. सकाळी थंड गाडीत यातलं काही नाही. हे सगळं क्लचकडे बोट दाखवतं.

तुझी डीसीटी, म्हणजे दोन क्लचची ऑटोमॅटिक, तीही ड्राय, कोरड्या क्लचची. आत दोन क्लच आहेत. एकाकडे १, ३, ५, ७ हे गिअर, दुसऱ्याकडे २, ४, ६ आणि रिव्हर्स. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच लावून ठेवलेला असतो, म्हणून हायवेला गिअर बदललेला कळतही नाही. ओल्या क्लचच्या गाडीत तेल फिरतं आणि उष्णता वाहून नेतं. तुझ्या क्लचला गार करायला नुसती हवा, तीही बंद डब्यातली. तू ब्रेक धरत-सोडत ताशी तीन-चार किलोमीटरने सरपटतोस तेव्हा आतला संगणक सतत हाफ क्लच करत असतो, म्हणजे क्लच अर्धवट टेकवून घासत असतो. मॅन्युअल गाडीत ते डाव्या पायाला कळतं, नाकालाही कळतं. इथे पाय मोकळा, म्हणून कळत नाही. फार तापलं की प्लेटच्या लायनिंगला काचेसारखी चकाकी येते, पकड सारखी राहत नाही, आणि सुटताना गाडी थरथरते.

म्हणून सगळा दोष घाटाला देऊ नकोस. घाटात २०-२५च्या वेगाने सलग चढणाऱ्या गाडीचा क्लच पूर्ण बसलेला असतो, तो घासत नाही. तुम्ही आधी आसनगावला अडकलात, मग घाटात बंद पडलेल्या ट्रकमागे वीत-वीत सरकत राहिलात. चढावर सरपटणं म्हणजे सपाटीच्या कितीतरी पट उष्णता. तिथे क्लच भाजला.

रांगेत असं कर. पुढची गाडी हलली की लगेच तिच्या मागे लागू नकोस. ब्रेक पूर्ण दाबून उभा राहा, दोन गाड्यांइतकी जागा पडू दे, मग एका दमात सुट आणि वेग दहाच्या वर ने, म्हणजे क्लच पूर्ण बसेल. मग पुन्हा पूर्ण थांब. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू दे. मध्ये रिक्षा घुसेल, घुसू दे. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरायची नाही, कधीच नाही. ऑटो होल्ड आहे ना, तो लाव. नुसत्या हिल असिस्टवर विसंबू नकोस, तो दोनेक सेकंदच धरतो. घाटात मॅन्युअल मोडवर दुसरा किंवा तिसरा लावून ठेव, म्हणजे गिअरबॉक्स वर-खाली करत बसणार नाही. उतरतानाही तसंच.

आणि सिग्नलला दर वेळी एनमध्ये, म्हणजे न्यूट्रलला, टाकायचं, हे तुला कोणी शिकवलं? ब्रेक पूर्ण दाबला की दोन्ही क्लच आपोआप सुटतात. अर्धवट दाबलास तर मात्र घासत राहतात. लांबलचक थांबायचं असेल तर एन ठीक.

उतारावर पार्क करताना तू थेट पी, म्हणजे पार्कचा गिअर, टाकतोस, मी पाहिलंय, नानांच्या दारात. मग निघताना "टक" असा आवाज येतो. गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर लटकतं, तिचा तो आवाज. आधी एन, मग हँडब्रेक, मग पायाचा ब्रेक सोडून वजन हँडब्रेकवर येऊ दे, आणि शेवटी पी. एवढा क्रम पाळ.

आता, क्लचच आहे असं मी म्हणतेय, पण भलत्याच गोष्टी सोंग घेतात. त्या आधी बाजूला काढायच्या. थरथर फक्त सुटताना, वीसच्या आत, आणि मग गायब, तर क्लच. साठ-सत्तरच्या वेगाला, एकाच गिअरमध्ये चढ लागल्यावर हिसके, तर प्लग किंवा कॉइल, म्हणजे इंजिनाचा मिसफायर. डी किंवा आर टाकताना एकच "धप्प", तर इंजिनाचं माउंटिंग. वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं, जी एनमध्ये घरंगळतानाही येते, ती टायरची किंवा बेअरिंगची. आणि इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर जातो पण वेग वाढत नाही, याला थरथर म्हणायचं नाही, ती स्लिप. दोन्ही शब्द सर्व्हिस सेंटरला वेगवेगळे सांगायचे. रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेव. गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या जोडाखाली तेलाचा डाग दिसला तर सील गळतंय, आणि ते तेल कोरड्या प्लेटवर गेलं की थरथरही होते आणि स्लिपही.

बॅटरी मोजून घे. तू लोकलने जातोस, गाडी पाच-पाच दिवस सोसायटीत उभी. क्लच दाबणारी सगळी यंत्रणा विजेवर चालते, व्होल्टेज कमी पडलं की ती खोटेनाटे इशारे देते. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या खाली असेल तर आधी चार्ज करून घे.

विलासमामा म्हणतो गिअर ऑइल बदल, सगळं बसेल. मामाचं मन मोडू नकोस, पण ऐकूही नकोस. तुझ्या गाडीत तेल गिअरला आहे, क्लचला ते लागतच नाही. तेल बदलून कोरड्या क्लचची थरथर जात नाही. खालून प्रेशरने धुवायलाही सांगू नकोस, डब्यात पाणी गेलं की वेगळंच नाटक सुरू होतं.

तू ते ब्लूटूथचं स्कॅनर मागवलंयस म्हणे. त्यावर पी ०७०० दिसेल. त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या संगणकाने काहीतरी नोंदवलंय. खरा कोड त्या संगणकात असतो, तो कंपनीच्या यंत्रावरच नीट दिसतो. म्हणून बघ, पण "क्लिअर"चं बटण दाबू नकोस. कोडबरोबर त्या क्षणाचा वेग, तापमान, गिअर असं सगळं साठवलेलं असतं, ते पुसलं की आपल्या हातात काही उरत नाही. तू लहानपणी पाटीवरचं गणित चुकलं की मी बघायच्या आत पुसून टाकायचास. म्हणून सांगतेय.

पुन्हा इशारा आला तर लगेच सुरक्षित कडेला घे. तसंच पुढे रेटू नकोस. हजार्ड लाइट, हँडब्रेक, पी, इंजिन चालूच, आणि इशारा जाईपर्यंत थांब. तुझ्या पुस्तिकेत त्याचं वेगळं पान असेल, ते गाडीत बसायच्या आधी वाच. इशारा गेल्यावरही लगेच रांगेत घुसायचं नाही, आतली प्लेट हळू गार होते. ओढत नेण्याची वेळ आलीच तर फ्लॅटबेड मागव, पुढची चाकं रस्त्यावर ठेवून दोरीने ओढायची नाहीत. राष्ट्रीय महामार्गावर मदतीचा नंबर १०३३, तो केतकीच्याही फोनमध्ये असू दे. लहान मूल घेऊन काळोखात, वळणावर, मागून कंटेनर... जाऊ दे. लिहिणार नाही म्हटलं होतं.

मूळ काम सर्व्हिस सेंटरचं. तू दोनदा गेलास आणि दोन्ही वेळा जॉब कार्डावर, म्हणजे गाडी देताना तक्रार लिहून घेतात त्या कागदावर, "जनरल चेकअप" लिहून आणलंस. अरे, त्या कागदावर तक्रारच नाही! उद्या कोणी म्हणेल, हे तर पहिल्यांदाच आले. या वेळी समोर बसून तुझ्या शब्दांत लिहून घे: ११,४०० किलोमीटर, गाडी तापल्यावर सुटताना थरथर, १-२ बदलताना झटका, अमुक तारखेला चढावर ओढ गेली, इशारा आला. त्याआधी आठवडाभर वहीत नोंद ठेव, तारीख, किलोमीटर, किती वेळ रांगेत होता, चढ की सपाट, बाहेर ऊन किती. व्हिडिओ केतकीने काढायचा, तू नाही.

आणि टेस्ट ड्राइव्ह. ते लोक थंड गाडी दोन किलोमीटर मोकळ्या रस्त्याने फिरवतात आणि "नो प्रॉब्लेम फाउंड" लिहितात. दुखणं तापल्यावरचं आहे. त्यांच्या माणसाला शेजारी बसव आणि संध्याकाळच्या घोडबंदर रोडला चाळीस मिनिटं ने. मग बोलू दे. तरीही काही नाही म्हणाले, तर तेही लिहून घे, सहीशिक्क्यासकट.

ते पहिल्यांदा सॉफ्टवेअर अपडेट करतील आणि क्लचचा टच पॉइंट नव्याने शिकवतील, म्हणजे प्लेट नेमकी कुठे टेकते ते संगणकाला परत सांगतील. त्यात फसवाफसवी नाही, कधीकधी तेवढ्याने भागतं. पण आधीची आणि नंतरची आवृत्ती बिलावर हवी. पंधरा दिवसांत थरथर परतली तर मग लायनिंग गेलंय, क्लच पॅकच बदलायला हवा. ते काम साध्या पान्यांचं नाही, खास टूल लागतं, फटी मोजून शिम, म्हणजे पातळ चकत्या, बसवाव्या लागतात, आणि नंतर पुन्हा सगळं शिकवावं लागतं. म्हणून कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे नाही. वॉरंटी आहे तोवर कोणाला हातही लावू देऊ नकोस. नवा पॅक बसला की पहिले काहीशे किलोमीटर त्याला बेताने चालव.

"क्लच वेअर अँड टेअरमध्ये येतो", हे वाक्य तुला ऐकवतीलच. अकरा महिन्यांच्या गाडीत, दोन जॉब कार्डांनंतर, ते शांतपणे परत पाठवायचं. सर्व्हिस मॅनेजरला ईमेल, मग कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल, तक्रार क्रमांक जपून. फोनवर कितीही गोड बोलले तरी नंतर दोन ओळी लिहून पाठवायच्या, "आपलं असं बोलणं झालं". नाहीच ऐकलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्याच्या पुढे ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तू राहतोस तिथेच दावा लावता येतो. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच, आणि तुझ्या १४ लाखांच्या गाडीला फी ४०० रुपये. मुदत दोन वर्षं. गाडीत दोष आहे हे दाखवायला तज्ज्ञाचा अहवाल लागू शकतो, आणि तज्ज्ञ आधी काय मागेल? जॉब कार्डं.

वाचून पाहिलं, तर सगळं पत्र शाळेच्या बाईंसारखं झालंय. माफ कर. "मॅन्युअल घे म्हटलं होतं" हे मी फोनवर बोलायला नको होतं. तुझ्या गुडघ्यामुळे तू ऑटोमॅटिक घेतलीस, हे त्या क्षणी माझ्या लक्षातच नव्हतं. स्वतःच्या पैशांनी, कर्जाचे हप्ते सांभाळून घेतलीस, पहिल्या दिवशी काळारामाला घेऊन आलास, आणि बाबा शेजारी तिघांना चावी दाखवून आले. मला ते सगळं आठवतं. मला अजून एक आठवतं. पाच वर्षांचा असताना पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना तुला धाप लागली होती. चेहरा लाल, पाय थरथरत होते, आणि तू म्हणत होतास, मी दमलो नाहीये, मी फक्त बघतोय. कडेवर येशील का, असं तीनदा विचारलं. नाही आलास. वर पोचल्यावर माझ्या मांडीवर झोपून गेलास आणि लेणी बघायची राहिलीच. तेव्हा मला फार कौतुक वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. आता वाटतं, सांगायला काय होतं.

मे महिन्यात याल तेव्हा आमण्याला समृद्धी महामार्गावर चढा आणि इगतपुरीला उतरा. जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे, घाट लागत नाही. टोल पडेल, तो मी देते. पण खारेगाव-माणकोलीची रांग आमण्याच्या अलीकडेच आहे, ती चुकत नाही, म्हणून पहाटे पाचला निघा. क्लचचं काम झालं नसेल तर गाडी ठेवून रेल्वेने या, चिऊला खिडकी मिळते. रात्री तेवढं नको. झालं, लिहिलंच शेवटी.

केतकीच्या भावाबरोबर कुरडया, पापड आणि एक जड पिशवी पाठवतेय. पिशवीत दोन उट्या आहेत, चाकाला लावायच्या लाकडी पाचरी. जुन्या पलंगाच्या पायाच्या, बाबांनी काल दुपारभर बसून कापल्या आणि सायकलची जुनी ट्यूब खाली ठोकली, घसरू नये म्हणून. तुला फोन करणार नाही म्हणतात अजून. चढावर गाडी बंद पडली तर मागच्या दोन्ही चाकांच्या मागे लावायच्या, उतारावर तोंड असेल तर पुढच्यांच्या पुढे. डिकीत तळाला नको, वरच्यावर ठेव.

जॉब कार्डाचा फोटो पाठव.

आई