कराचा दर बदलला, प्रोग्रॅम बदलेना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वस्तू व सेवा कर परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ रोजी दरांची फेररचना जाहीर केली आणि २२ सप्टेंबरपासून ती लागू झाली. त्यातून कोणाला किती लाभ झाला यावर बरेच लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते मधल्या एकोणीस दिवसांत एका बिलिंग सॉफ्टवेअरच्या पोटात जे आढळले त्याविषयी.

मी गेली बावीस वर्षे सांगलीत लहान व्यापारी आणि पतसंस्था यांच्या संगणकप्रणाली सांभाळते. त्या दिवसांत औषधांच्या एका घाऊक व्यापाऱ्यांनी मला बोलावले. त्यांचे सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी काम सोडून गेली होती. सुदैवाने मूळ कोड त्यांच्यापाशी होता. बहुतेक औषधांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर येणार होता, म्हणजे बदल एका ओळीचा असायला हवा होता. प्रत्यक्षात १२ हा आकडा १४३ ठिकाणी सापडला. काही ठिकाणी तो कराचा दर होता, काही ठिकाणी वर्षाचे बारा महिने होते व त्यांवरून औषधाची मुदत मोजली जात होती, आणि काही ठिकाणी ती केवळ छापील बिलावरच्या रकान्याची रुंदी होती. ‘सगळीकडे १२ काढून ५ टाका’ अशी सूचना दुकानातूनच आली होती. ती मानली असती तर मुदतीचा हिशेब बिघडला असता, आणि औषधांच्या व्यवहारात त्याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. शिवाय दर १२ याच रूपात होता असेही नाही. केंद्र आणि राज्य यांच्या वाट्याचे म्हणून तो कुठे ६ आणि ६ असा विभागला होता, कुठे ०.१२ होता, आणि करासह किमतीतून मूळ किंमत काढायची तिथे १.१२ होता. नुसत्या शोधाने ही ठिकाणे हाती लागत नाहीत. त्यासाठी कोड वाचावाच लागतो.

अशा कोडला हात लावण्याआधी तो आज काय करतो हे बांधून घ्यावे लागते. आम्ही तीनशे जुनी बिले निवडली, ती प्रोग्रॅममधून पुन्हा काढली आणि आलेले आकडे जपून ठेवले. त्यानंतर एका वेळी एकच लहान बदल करायचा, तीनशेही बिले पुन्हा काढून पैशापैशापर्यंत ताडून पाहायची आणि तो बदल नोंदवून मगच पुढे जायचे, असा क्रम ठेवला. तसे करताना कळले की करगणनेचे फंक्शन, म्हणजे ते एकच काम करणारा कोडचा तुकडा, एकदा लिहून तीन ठिकाणी चिकटवले होते, विक्रीसाठी, परत आलेल्या मालासाठी आणि दरपत्रकासाठी, आणि परतीच्या मालातले फंक्शन पैसे वेगळ्या रीतीने पूर्णांकात आणत होते. त्यातले बरोबर कोणते हे कोडने नव्हे, दुकानाच्या जुन्या हिशेबनिसांनी सांगितले. शेवटी तिन्हींच्या जागी एकच फंक्शन राहिले आणि सगळे दर एका तक्त्यात गेले. त्या तक्त्यात प्रत्येक दरापुढे तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे हेही नोंदवले, कारण २२ सप्टेंबरपूर्वी विकलेला माल नंतर परत आला तर त्याची क्रेडिट नोट, म्हणजे ग्राहकाच्या खात्यात रक्कम परत जमा केल्याची पावती, जुन्याच दराने करावी लागते. दर मुळापासून तक्त्यात असते तर जे काम अर्ध्या तासाचे होते, त्याला अकरा दिवस लागले.

मूळ प्रोग्रॅमरला मी दोष देत नाही. १ जुलै २०१७ रोजी हा कर प्रथम लागू झाला तेव्हाच्या घाईत हे सॉफ्टवेअर लिहिले गेले होते, आणि ती घाई मीही अनुभवली आहे. अमेरिकन प्रोग्रॅमर वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९२ साली अशा घाईला कर्जाची उपमा दिली; लवकर फेडले तर ते उपयोगाचे ठरते, न फेडल्यास व्याज वाढत जाते. इथे मधल्या आठ वर्षांत कोणीच मागे वळून पाहिले नाही, कारण प्रोग्रॅम चालत होता.

चालता प्रोग्रॅम धडधाकट असतोच असे नाही, याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर दलाली संस्थेचे आहे. २००३ पासून वापरात नसलेला कोडचा एक भाग त्यांनी काढून टाकला नव्हता. २००५ मध्ये किती शेअर घेऊन झाले हे मोजणारा हिशेब कोडमध्ये दुसरीकडे हलवला गेला आणि त्या मृत भागाला थांबवणारे काही उरले नाही, पण त्याची चाचणी कोणी घेतली नाही. २०१२ मध्ये नवी सोय करताना त्याच भागाला जागे करणारी जुनी खूण नव्या कामासाठी वापरली आणि नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढला. १ ऑगस्टच्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वी बिघाडाची सूचना देणारे ९७ ईमेल आले होते. त्यांची दखल घेतली गेली नाही. मग आठव्या सर्व्हरपासून सुरुवात होऊन सुमारे ४५ मिनिटांत त्यांच्या प्रणालीने १५४ कंपन्यांच्या ३९.७ कोटी शेअरचे व्यवहार केले आणि संस्थेचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. गोंधळात नवा कोड उरलेल्या सात सर्व्हरांवरूनही काढला गेला, त्यामुळे तेही जुनी खूण ओळखू लागले. वर्षभरात ही संस्था दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. न वापरलेला तो भाग वेळीच पुसला असता तर यातले काहीच घडले नसते. जुना कोड व्हर्जन कंट्रोलमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत, राहतोच, तो चालू प्रोग्रॅममध्ये जपण्याची गरज नसते.

असे दोष शोधण्यासाठी प्रत्येक ओळ वाचत बसावे लागत नाही. बदलांचा इतिहास चाळला तर त्याच त्या फायली पुन्हा पुन्हा दुरुस्त झालेल्या दिसतात. आधी तिथे पाहावे. फंक्शनमध्ये किती वाटा फुटतात, म्हणजे ते किती गुंतागुंतीचे आहे, हे मोजण्याची रीत अमेरिकन संगणकतज्ज्ञ थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्येच दिली आहे, आणि ते मोजणारी साधने आज फुकट मिळतात. मात्र ६, ०.१२ आणि १.१२ ही एकाच दराची रूपे आहेत हे साधनाला कळत नाही.

माझे म्हणणे सॉफ्टवेअर विकत घेणाऱ्यांपुढे आहे. सॉफ्टवेअरच्या गुणवत्तेच्या आयएसओ २५०१० या आंतरराष्ट्रीय मानकात देखभाल-सुलभता हा स्वतंत्र गुण मानला आहे. तरीही पतसंस्थांची आणि नगरपालिकांची जी निविदापत्रे माझ्या हातून गेली, त्यांत स्क्रीन किती, अहवाल किती, सुरक्षेचा दाखला आहे का, एवढेच विचारले होते. माझी सूचना अशी, की शेवटचा हप्ता देण्यापूर्वी ज्याने तो कोड लिहिलेला नाही अशा अभियंत्याकडून, खरेदीदाराच्या समोर, एक लहानसा बदल करून घ्यावा. व्याजाचा दर बदलावा किंवा पावतीवर एक रकाना वाढवावा. तो एका दिवसात झाला आणि चाचण्या उत्तीर्ण झाल्या तर पैसे द्यावेत. मूळ कोड, बदलांचा इतिहास आणि त्या चाचण्या खरेदीदाराच्या ताब्यात देण्याची अटही करारातच असावी. व्यापारी संघटना आणि पतसंस्था यांनी ही अट एकत्रितपणे घातली तर पुरवठादारांना ती मान्य करावी लागेल. अशा अटीचा मराठी मसुदा मी तयार केला असून ज्या संस्थेला तो हवा असेल तिला तो विनामूल्य देण्यास, आणि पहिली अशी परीक्षा स्वतः घेण्यासही, मी तयार आहे.

आपली नम्र,
एक संगणक अभियंता, सांगली