हिवाळ्यात मोटरसायकल उभी ठेवण्यापूर्वी : सभासदांसाठी सूचना

नेदरलँड्समधील सभासदांना कळविण्यात येते की, मोटरसायकल आपल्या नावावर नोंदलेली असेपर्यंत, ती हिवाळाभर जागची हलली नाही तरी, तृतीय पक्ष विमा बंधनकारक असतो. आरडीडब्ल्यू ही वाहननोंदणी संस्था विमा नसलेली वाहने नोंदवहीतूनच हुडकते आणि दंड घरपोच येतो. त्याऐवजी आरडीडब्ल्यूकडून 'स्खोर्सिंग', म्हणजे नोंदणीची तात्पुरती स्थगिती घेतल्यास विम्याची सक्ती राहत नाही आणि रस्ताकरही लागत नाही, मात्र गाडी सार्वजनिक जागेत, अगदी घरासमोरच्या फुटपाथवरही, ठेवता येत नाही. विमा पूर्ण बंद केल्यास चोरीचे संरक्षणही जाते (हे नेमके विसरले जाते), म्हणून तेवढा भाग चालू ठेवता येतो का ते विमा कंपनीला विचारावे आणि एआरटी (कुलुपे-साखळ्यांची चोरीरोधक गुणवत्ता तपासणारी डच संस्था) प्रमाणित साखळी नुसती चाकात न गुंतवता जमिनीतील कडीला अडकवावी.