बाबांच्या ‘बरं’ला उत्तर

पुणे, २४ जून

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर मी सांगितलं की मनू आणि राघू यंदाही शाळेत जाणार नाहीत, घरीच शिकतील. बाबा, तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. तुमचं ते "बरं" मी लहानपणापासून ओळखते. न पटलेली गोष्ट तुम्ही वाद न घालता बाजूला ठेवता, तेव्हाच ते येतं. त्यावर फोनवर बोलायला गेले असते तर रडू आलं असतं, म्हणून हे पत्र.

तुम्हाला काय वाटत असेल ते मला कळतं. शाळा उघडायच्या आधी पटनोंदणीसाठी तुम्ही डोंगरावरच्या धनगरवाडीपर्यंत चालत जायचात. मी चौथीत असताना एकदा तुमच्याबरोबर आले होते. एका घरची बाई म्हणाली, पोरगी शाळेत गेली तर बकऱ्यांमागे कोण जाणार? तुम्ही काही बोलला नाहीत. तिच्या अंगणात बसून राहिलात, दुपार टळेपर्यंत. मला भूक लागली होती, मी तुमचा सदरा ओढत होते. शेवटी तिचा नवरा आला, त्याच्याशी तुम्ही पावसाचं बोललात, बकऱ्यांचं बोललात आणि मग हळूच मुलीचं. सोमवारी ती मुलगी वर्गात होती. अशा माणसाच्या मुलीने आपली दोन मुलं शाळेबाहेर ठेवली. बाबा, मी हे विसरून केलेलं नाही. त्या मुलीच्या घरात वाचता येणारं कुणीच नव्हतं, तिच्यासाठी शाळेला दुसरा पर्यायच नव्हता. त्या अंगणात आजही कुणीतरी तसंच बसून राहायला हवं. पण आमच्या घरी शिकलेली दोन माणसं आहेत, मी अर्धा दिवस घरूनच काम करते आणि मुलांना देण्यासारखा वेळ आमच्याकडे आहे. हे सगळ्यांनी करावं असं मी कुणालाच सांगत नाही.

मनूचं काय झालं होतं ते तेव्हा तुम्हाला पूर्ण सांगितलं नव्हतं. दुसरीत असताना ती रोज सकाळी पोट दुखतं म्हणायची. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, काही निघालं नाही. वर्गात पन्नासच्या वर मुलं, बाई तरी किती जणांकडे बघणार? फळ्यावरचं वहीत उतरवायचं, घरी येऊन उरलेलं उतरवायचं. पोट दुखणं मी समजून घेतलं असतं. पण "आई, चंद्र आपल्याबरोबर का चालतो?" असं विचारणारी मुलगी वर्षभरात काहीच विचारेनाशी झाली, ते मला फार लागलं.

गेल्या जूनमध्ये सुरुवात केली आणि पहिलीच गोष्ट चुकले. घरात शाळाच मांडली. भिंतीवर फळा, साडेआठ ते साडेबारा वेळापत्रक, चाळीस मिनिटांचे तास. तिसऱ्या आठवड्यात मनू शुद्धलेखनाच्या वहीवर डोकं ठेवून रडली आणि म्हणाली, "शाळेत निदान मधली सुट्टी तरी होती." पुण्यात घरी शिकवणारी बरीच कुटुंबं आहेत. त्यातल्या एका आईने मला सांगितलं, मूल जितकी वर्षं शाळेत गेलं तितके महिने त्याला काहीच शिकवू नको, आधी मोकळं होऊ दे. मनूची बालवाडीपासून चार वर्षं झाली होती. मला चार महिने धीर धरवला नाही, दोन धरवला. ते दोन महिने फार अवघड होते. सकाळी दहा वाजता मूल खिडकीत नुसतं बसलेलं बघायचं आणि गप्प राहायचं.

पण ती नुसती बसली नव्हती. खिडकीच्या चौकटीत कुंभारीण माशी घर बांधत होती. मातीचा एकेक गोळा आणायची, लावायची, पुन्हा जायची. मनू प्रत्येक खेपेला कागदावर रेघ ओढत होती. मग एके दिवशी माशीने एक हिरवी अळी आत कोंबली, तेव्हा मनू किंचाळत स्वयंपाकघरात आली. अळी कशाला, आतली पिल्लं काय खातात, माशीला हे कुणी शिकवलं? वर्षभराने प्रश्न परत आले, बाबा. मी कणकेचे हात तसेच घेऊन खिडकीशी गेले.

मग मी पद्धतींबद्दल वाचायला लागले. आई, त्यातली एक तुला लगेच ओळखीची वाटेल. शार्लट मेसन नावाच्या इंग्लंडमधल्या शिक्षिका होत्या, १८४२ ते १९२३. त्यांचं म्हणणं असं की लहान मुलांचे धडे छोटे असावेत, पंधरा-वीस मिनिटांचे. चांगलं काही एकदाच वाचून दाखवावं आणि मग मुलाने ते आपल्या शब्दांत परत सांगावं. तू दुपारी ओटीवर सुपारी सोलता सोलता गोष्ट सांगायचीस आणि शेवटी म्हणायचीस, "हं, आता तू सांग." तेच हे. मनूला ही पद्धत अंगाला बेतल्यासारखी बसली. वाचलेलं ती इतकं नीट सांगते की मध्ये बोलायची गरज पडत नाही. निसर्गाची वहीही ठेवते, चित्रं काढून. मात्र मेसनबाईंच्या मांडणीतले ऋतू आणि फुलं इंग्लंडची, ती आम्ही सोडून दिली. आमची वही नक्षत्रांवर चालते. मृग कधी लागलं, आर्द्रा कधी, तुझ्या पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक होतं की म्हैस आणि खरा पाऊस किती पडला. त्यातून तिने एक दिवस स्वतःच गणित काढलं, वर्षाचे ३६५ दिवस आणि नक्षत्रं २७, म्हणून सूर्य एका नक्षत्रात साडेतेरा दिवस. भागाकार मी तेव्हा शिकवलाही नव्हता, तिने दिनदर्शिकेवर मोजत मोजत केलं.

राघूचं सगळंच वेगळं. तो सहा वर्षांचा आहे, दहा मिनिटं एका जागी बसत नाही आणि गोष्ट परत सांग म्हटलं की खांदे उडवतो. त्याला हातात वस्तू हवी. म्हणून त्याच्यासाठी माँटेसरीकडे वळले. ते साहित्य बाजारात इतकं महाग की मी यादी करून परत फाडली. मग बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ आठवल्या. बोर्डीला १९४५ साली काम सुरू केल्यावर आणि पुढे कोसबाडला त्यांनी हेच केलं होतं. बाहेरचं महाग साहित्य बाजूला ठेवून शंख-शिंपले, खडे, बिया, पानं घेतली आणि बालवाडी थेट पाड्यावरच्या अंगणात नेली. बाबा, कोसबाडला प्रशिक्षणाला गेलेल्या एका बाईंबद्दल तुम्ही नेहमी आदराने बोलायचात. तर आमच्याकडे आता चिंचोके आहेत, कवड्या आहेत, ताटात पसरलेली रांगोळी आहे. राघू रांगोळीत बोटाने अक्षर काढतो, पुसतो, पुन्हा काढतो. पॉलिशपेपरची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली आहेत, ती डोळे मिटून ओळखतो. ‘र’ने मात्र आम्हाला पंधरा दिवस दमवलं. सूर्यातला वर चढतो, चक्रातला पायात येतो, राष्ट्रातला आणखी वेगळा दिसतो आणि दऱ्यातला चंद्रकोरीसारखा. शेवटी चारही एका दोरीवर टांगून ठेवले आणि येता-जाता जो दिसेल त्याचा शब्द सांगायचा, असं केलं. हे कुठल्या पद्धतीत बसतं मला माहीत नाही, राघूसाठी चाललं.

अंकांचंही सांगते, कारण त्यावरून २०१९ मध्ये तुम्ही माझ्याशी फोनवर तासभर भांडला होतात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा तुम्ही संतापला होतात. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्यामागचं कारण शांतपणे समजावलं होतं, तेही तुम्हाला पटलं नव्हतं. बाबा, राघू समोर बसल्यावर मला त्यांचं म्हणणं कळलं. एकोणतीस ऐकलं की तो तीसमधला ३ धरून ३९ लिहायचा. आता आम्ही दोन्ही म्हणतो. आधी वीस नऊ, म्हणजे काय लिहायचं ते कळतं. मग एकोणतीस, म्हणजे तिसाला एक उणा, हे चिंचोके मांडून. त्यामुळे शब्दही राहिला आणि गोंधळही गेला. यावर तुम्ही पुन्हा भांडा, मला आवडेल.

तुमच्या जावयांना जॉन होल्ट यांचा मार्ग पटला होता. हे अमेरिकेतले शिक्षक, मुलांना पूर्ण मोकळं सोडा, गरज पडेल तसं ती शिकतील असं सांगणारे. ते आम्ही सहा आठवडे मनापासून करून पाहिलं. मनूचं वाचन, चित्रं, प्राण्यांबद्दलचं ज्ञान खरोखर वाढलं. गणित जागचं हललं नाही आणि जोडाक्षरं लिहायला लागू नयेत म्हणून ती लिहिणंच टाळायला लागली. तेव्हा आम्ही ठरवलं की गणित आणि लेखन रोज वीस-वीस मिनिटं, सणावाराला सोडून. बाकीचा दिवस तिचा. होल्ट यांना हे चाललं नसतं बहुधा. मला मात्र माझ्या मुलीचा चेहरा दिसतो आणि तिला या चाळीस मिनिटांचा आधार वाटतो.

वेळापत्रकही आता घड्याळाचं नाही, शिफ्टचं आहे. यांची चाकणला दुसरी पाळी असली की सकाळ मुलांच्या बाबाची, मग सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या घेऊन तिघं त्रिकोण, चौकोन जोडत बसतात. अरविंद गुप्तांची ती जुनी युक्ती. चौकोन दाबला की मोडतो आणि त्रिकोण का मोडत नाही, हे राघूला पाठ नाही, हाताला माहीत आहे. पहिली पाळी असली की सकाळी मी आणि गणित.

आता दाखल्याचं. आईने विचारलंच होतं, "पुढे कागद कुठून आणणार?" बाबा, शिक्षण हक्क कायदा तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. १ एप्रिल २०१० ला तो लागू झाला तेव्हा तुम्ही मुख्याध्यापक होतात. त्यात ६ ते १४ वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय. न घातलं तर पालकांना शिक्षा सांगितलेली नाही आणि घरी शिकवण्याचं त्यात नावच नाही. ही जागा धूसर आहे आणि ते मी लपवत नाही. पण त्याच कायद्यात वयानुरूप प्रवेश आहे, ज्याच्या आधारे तुम्ही अकरा वर्षांच्या मुलांना थेट पाचवीत बसवलं होतंत. उद्या मनूला परत जायचं असेल तर ते दार उघडं आहे. नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या पातळ्या आणि १४ वर्षं पूर्ण झाली की दहावी. पाच विषय, पाच वर्षांत नऊ वेळा बसता येतं. आणि बाहेरून दहावीला बसायचा तुमचा १७ नंबरचा फॉर्म आहेच, किती जणांचे तो तुम्ही स्वतः भरून दिलेत. दर एप्रिलमध्ये आम्ही दोन्ही मुलांना विचारणार आहोत. या एप्रिलमध्ये मनू दोन दिवस विचार करून "अजून एक वर्ष घरी" म्हणाली.

तिला मैत्रिणींची आठवण येते. संध्याकाळी खाली खेळायला मुलं असतात, शनिवारी आम्ही चार-पाच कुटुंबं टेकडीवर जातो, तरी स्नेहसंमेलनाच्या दिवसांत ती दोन दिवस गप्प होती. तिने एकटीने आरशासमोर नाच केला. त्यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही आणि तुमच्यापासून ते लपवायचंही नाही.

आता मागणं. मे महिन्यात बाबांनी राघूला पडवीत बसवून पावकी आणि निमकी, म्हणजे पावाचे आणि अर्ध्याचे पाढे, म्हणून दाखवली होती. तो इथे येऊन दूध पिताना म्हणतो, "दोन पाव अर्धा, तीन पाव पाऊण." अपूर्णांक त्याला अजून लिहिता येत नाही, पण पाऊण भांडं आणि सव्वा भांडं यातला फरक तो नीट सांगतो. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, एवढे शब्द आपल्या भाषेत तयार पडलेले असताना मी कुठल्या महागड्या साहित्याची यादी करत होते? मला दीडकी आणि अडीचकी येत नाही, बाबा. तुम्हाला येते. नारळ शेकड्याने मोजताना तुम्ही जे हिशोब तोंडी करता तेही मला येत नाहीत. आईला आगरातल्या प्रत्येक झाडाचं नाव आणि उपयोग माहीत आहे, मला दहा-बाराच सांगता येतील.

म्हणून गणपतीला आलो की मी मुलांना घेऊन दिवाळीपर्यंत तिथेच राहू का? हे सुट्टी घेऊन मध्ये मध्ये येतील, माझं काम ओटीवर बसून होईल, नेट आता बऱ्यापैकी लागतं. सकाळचा एक तास बाबांचा, दुपार आईची. फक्त बाबा, पहिल्या दिवशी मनूची परीक्षा घेऊ नका. तिला आधी पाटाच्या पाण्याशी न्या, तिथे ती आपोआप बोलायला लागेल. मग हवं ते विचारा. आणि काही कच्चं दिसलं तर मला स्पष्ट सांगा, "बरं" म्हणू नका.

तुमचा जुना लाकडी फळा माळ्यावर आहे ना? तो खाली काढू नका. राघूने ठरवलंय की तो आणि तुम्ही मिळून काढायचा, शिडी त्याने धरायची. कमरेच्या गोळ्या वेळेवर घ्या. आईला म्हणावं, आर्द्रा लागलं पण इथे अजून नुसतं ढग येऊन जातात, तिकडे किती पडला ते मनूला वहीत लिहायला हवंय.

तुमची,
शुभा