युरोपची संसद आणि तुळजापूरची द्राक्षं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारत-युरोप व्यापार करारावरच्या आपल्या लेखात युरोपियन संसदेला ‘नुसत्या भाषणांचा फड’ म्हटलं आहे. तुळजापूर तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग सांभाळणाऱ्या मला हे पटलं नाही.

2010 च्या हंगामात माझा प्लॉट निर्यातीला नोंदवलेला होता. वेलीची फाजील वाढ रोखायला आम्ही सगळेच सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराईड) हे रसायन फवारायचो. त्या वर्षी युरोपात द्राक्षांमध्ये त्याचे अंश सापडले. मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅमची. निर्यात ठप्प झाली. घड तयार, मजूर सांगून ठेवलेले, आणि गाडी येणार नाही असा फोन. निम्मा माल व्यापारी म्हणेल त्या भावात दिला, उरलेल्याचा बेदाणा केला. पीककर्जाचं नवं-जुनं करण्यात पुढची दोन वर्षं गेली. हा कायदा करतं कोण, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. अंशांच्या मर्यादांचा मूळ कायदा 2005 चा, आणि तो युरोपियन संसद आणि मंत्रिपरिषद (सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद) या दोघांनी मिळून केलेला आहे.

या संसदेला हे बळ कुणी आयतं दिलेलं नाही. 1952 मध्ये आजच्या युरोपियन संघाचा पूर्वज असलेल्या कोळसा-पोलाद समुदायाची सभा, म्हणजे या संसदेचं पहिलं रूप, भरली तेव्हा सहा देशांच्या संसदांनी पाठवलेले 78 जण होते. कायदे करणं त्यांच्या हातात नव्हतं. 1979 मध्ये लोकांनी पहिल्यांदा थेट मतं देऊन सदस्य निवडले. ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेल्या सिमोन वेल अध्यक्ष झाल्या, आणि त्याच डिसेंबरात या सभागृहानं युरोपियन समुदायाचं अंदाजपत्रक फेटाळलं. हातात तेवढीच दोरी होती, ती त्यांनी ओढली. मला हे फार मोठं वाटतं. 1993 पासून सदस्य देशांतल्या मास्ट्रिख्ट करारानं काही विषयांत मंत्र्यांच्या बरोबरीनं कायदे करण्याचा हक्क आला. 2009 च्या लिस्बन करारानं त्यात शेतीही आली, आणि व्यापार करारांना संसदेची संमती सक्तीची झाली.

ही संमती नावापुरती नाही. 2012 मध्ये बनावट मालाविरुद्धचा ‘अॅक्टा’ करार, युरोपियन संघानं सही केलेला असूनही, 478 विरुद्ध 39 मतांनी पाडला. नोव्हेंबर 2023 मध्ये कीटकनाशकांचा वापर घटवण्याचं विधेयकही याच सभागृहात पडलं. विधेयक मांडण्याचा हक्क आजही युरोपियन आयोगाकडेच, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाकडेच आहे, हे लेखकाचं म्हणणं बरोबर आहे; पण नाही म्हणण्याचा हक्क लहान नसतो.

तिथले 720 सदस्य 27 देशांतले मतदार निवडतात. त्यात आमचं मत नाही, असू शकत नाही. तरी आमच्या बागेत काय फवारायचं हे तिथल्या कायद्यानं ठरतं. म्हणून आपल्या खासदारांनी आणि बागायतदार संघानं दिल्लीच्या मंत्रालयावर न थांबता त्या संसदेच्या शेती आणि व्यापार समित्यांच्या सदस्यांनाही गाठावं. आपल्या पत्रानं तिथल्या निर्णयांची बातमी नेमानं द्यावी. त्या सभागृहाचं काम 24 भाषांत चालतं. कोणत्या औषधाची मर्यादा बदलली एवढं तरी आम्हाला ऑक्टोबर छाटणीच्या आधी मराठीत वाचायला मिळावं.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. तुळजापूर, जि. धाराशिव