गाठीचं तेवढं बघ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू 'बघते' म्हणतेस आणि लगेच आडव्या पडलेल्या भाताची चौकशी करतेस, म्हणून लिहितोय. कुडाळ स्टेशनवर आवाज चढवला ते माझं चुकलंच. पण गाडी सुटताना तू उजवा हात हलवत होतीस आणि डावा मानेवर होता.

आरतीतही तसाच. ओढणी सावरल्यासारखं करून गळ्याच्या हाडाच्या वर चाचपत होतीस. २००९ सालीही गाठ तिथेच आली होती. दुखायची नाही, बोटाखाली रबरासारखी लागायची. सुईने तपासून टीबी म्हणाले आणि तीन महिने गोळ्या चालल्या. मी डेपोत सांगत फिरायचो, पोरगी सुधारतेय. मग परळला टाटात अख्खी गाठ काढून बघितली तेव्हा हॉजकिन्स कळलं, गाठींचा कॅन्सर. ते तीन महिने मला अजून झोपेतून उठवतात.

या गाठीलाही महिना होत आला. सर्दीची असती तर एवढ्यात बसली असती. असेलही साधी, मी कोण सांगणार? त्या भागाला रेडिएशन झालंय, थायरॉइडचंही काही असू शकेल. पण नुसत्या सुईवर भागवू नकोस. पेटस्कॅनमध्ये काही दिसलं तरी तुकडा तपासल्याशिवाय खरं कळत नाही. रात्री घाम येतो का? ताप, वजन? खरं सांग. पाच वर्षं उलटली की परत येण्याची भीती खूप कमी होते म्हणाले होते, अजिबात नाही असं नव्हते म्हणाले.

बघ, लॅबमध्ये दिवसभर रिपोर्ट हाताळणाऱ्या मुलीला मी कंडक्टर शिकवतोय. राग मानू नकोस. गावात कुणाचा रिपोर्ट आला की मीच सांगतो, थांबा, मनूला विचारतो. तुझा तेवढा तू कुणाला विचारत नाहीस.

आणि दोष एकट्या तुझा नाही. कोविडात तुझी वर्षाची तपासणी चुकली, मग सुटलीच. मी एकदाही आठवण केली नाही. खरं तर बरं वाटलं होतं मला. परळचा तो जिना पुन्हा चढायला नको होता.

केमोला दर पंधरवड्याला बारा वेळा गेलो आपण. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेतून सकाळी निघायचो, तू टॅक्सीत नाक दाबून बसायचीस. लाल औषध नळीतून उतरायला लागलं की म्हणायचीस, 'बाबा, कोकम सरबत.' हसायचीस वर. पंधरा वर्षांची पोर, आणि मी बाहेर जाऊन रडून यायचो. तेव्हापासून तू सोलकढीला हात लावला नाहीस. आई अजून म्हणते, मुंबईत जाऊन नखरे आले. मी काही बोलत नाही.

तिला याही वेळी सांगितलेलं नाही, तुला शब्द दिला म्हणून. पण परवा वाल सोलताना विचारत होती, मनू यंदा बारीक दिसली काय हो?

मी रविवारी रात्री कोकणकन्येने निघतोय. तिकीट काढलंय, आता नको म्हणू नकोस. सोमवारी टाटात नाव नोंदवायचं, एवढंच. तुझी जुनी फाइल प्लास्टिकमध्ये गुंडाळून पिशवीत तळाशी घातली आहे. आई वरून कोकमाच्या आगळाची बाटली ठेवणार. ती मी निघताना पडवीत काढून ठेवेन.

बाबा