रेकॉर्ड केलंय ना, मग झालं?

मा. संपादक,

काल पुरवणीतला तो भाषांवरचा लेख वाचला. रात्री परत वाचला, म्हटलं उपरोधाने लिहिलेलं असेल, माझ्याच डोक्यात शिरलं नसेल. पण नाही, लेखक महाशय खरंच सिरीयस आहेत. जगात ७,००० च्या आसपास भाषा आहेत, त्यातल्या निम्म्या गेल्या तर काय बिघडलं, आणि हल्ली सगळं रेकॉर्ड होतंच की! लिहिलंय मात्र झकास, त्याबद्दल वाद नाही.

सगळ्यांची भाषा एक झाली की भांडणं मिटतील हा मुद्दा मी सोडूनच देते. रवांडात १९९४ सालच्या नरसंहारात मारणारे आणि मरणारे दोघंही किन्यारवांडा ही एकच भाषा बोलत होते. सख्खे भाऊ कोर्टात जातात ते काय एकमेकांची भाषा कळत नाही म्हणून?

माझी तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या रेकॉर्डिंगच्या वाक्याने. कारण माझ्याकडे आहे रेकॉर्डिंग. आजीची कॅसेट. आजी तिच्या माहेरची बोली बोलायची, पण फक्त तिच्या धाकट्या बहिणीशी. आमच्याशी नाही. वडील लहान असताना त्यांच्या मास्तरांनी घरी येऊन सांगितलं होतं की घरात हे असलं बोलत जाऊ नका, पोरं मागे पडतील, आणि आजीने ते इतकं मनावर घेतलं की पोरांना कळू नये असं काही असेल तेव्हाच ती बोली बाहेर निघायची. तर काकाने कधीतरी दोघी बहिणी गप्पा मारत बसलेल्या असताना टेप चालू करून ठेवला. पाऊण तास आहे. आवाज एकदम स्वच्छ, मागे भांडी वाजतात तीसुद्धा ऐकू येतात. मध्येच एका ठिकाणी दोघी हसायला लागतात, अशा हसतात की आजीला ठसका लागतो, मग बहीण एक शब्द परत म्हणते आणि परत दोघी फुटतात. तो शब्द काय आहे ते आमच्या घरात कुणालाही माहीत नाही. काका म्हणतो गाईचं नाव असणार, आत्या म्हणते शिवी आहे. दोघी बहिणी गेल्या, विचारणार कुणाला? मागे भाच्याने मोठ्या उत्साहाने ते सगळं मोबाईलवर घेतलं आणि बोललेलं लिहून देणाऱ्या एका अ‍ॅपला ऐकवलं. अ‍ॅपने ती हिंदी आहे असं ठरवून टाकलं आणि दीड पान काहीतरी लिहून दिलं, त्यात तीन वेळा 'नमस्कार दोस्तों' होतं. तर हे आमचं जतन.

लेखकाने उबिख भाषेचं उदाहरण दिलंय, की बघा, बोलणारा शेवटचा माणूस तेवफिक एसेंच १९९२ साली तुर्कस्तानात गेला तरी त्या भाषेतली ८० च्या वर व्यंजनं आज अभ्यासकांना माहीत आहेत. अहो, पण ती माहीत आहेत कारण तो माणूस वर्षानुवर्षं अभ्यासकांसमोर बसून एकेक शब्द समजावत होता! नुसती टेप लावून ठेवून नाही झालं ते. आयल ऑफ मॅन बेटावरच्या मँक्स भाषेचंही तेच. ती लहानपणापासून बोलणारे शेवटचे नेड मॅड्रेल १९७४ साली वारले, पण त्याआधीच हौशी मंडळी त्यांच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन बसायची, बोलायची, चुकायची, म्हणून आज तिथे मँक्समधून शिकणारी पोरं आहेत. तिथे टेपचा उपयोग झाला हे मान्य, पण ऐकून कळणारं कुणीतरी शिल्लक होतं.

आणि 'लोक आपण होऊन भाषा सोडतात' म्हणे. वेल्समध्ये एकोणिसाव्या शतकात शाळेत वेल्श बोललेल्या पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे, ते पोर काय आपण होऊन गप्प बसलं? आमच्या मास्तरांनी पाटी नाही अडकवली, गोड बोलून सांगितलं, एवढाच फरक.

अंदमानच्या बोआ सीनियर २०१० साली गेल्या, त्यांच्याबरोबर बो भाषा गेली. त्यांचा तुम्ही फोटो छापलाय. बोलायला त्यांच्या भाषेचं कुणी उरलं नव्हतं म्हणून त्यांना तिथली हिंदी शिकावी लागली होती, हे लेखात एका ओळीत तरी यायला हवं होतं. भाषाशास्त्रज्ञ अन्विता अब्बींनी त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलंय, अभ्यासकांना त्याचं मोल आहेच, मी कोण नाही म्हणणारी. पण त्या बाईंना उलट उत्तर देणारं कुणी होतं का शेवटी? माझ्या आजीलाही बहीण गेल्यावर सहा वर्षं कुणी नव्हतं, आणि आम्ही नातवंडं शेजारच्या खोलीत बसून टीव्ही बघत होतो. हे मी लेखकाला नाही, मलाच सुनावतेय असं समजा.

जाता जाता, माझं मागचं पत्र तुम्ही अर्ध्यात कापलंत. 'असं काही लोक म्हणतात, पण ते साफ चूक आहे' हे शेवटचं वाक्यच उडवलं, त्यामुळे ज्या मताविरुद्ध मी लिहिलं होतं त्याच मताबद्दल दोघा-तिघांनी फोन करून माझं अभिनंदन केलं. या वेळी जागा कमी पडली तर रवांडा काढा, वेल्स काढा, कॅसेटला हात लावू नका.

आपली,
एक जुनी वाचक